नाशिक, म्युनिक की दुबई? घरखर्चाचा हिशेब तपासून द्याल का?

जिग_फिक्स्चर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसतं वाचत आलो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. घरात पंधरा दिवस हाच एक विषय चाललाय आणि आता आमचं आम्हाला काही सुचेनासं झालंय.

सातपूरला टूल डिझाइनमध्ये चौदा वर्षं झाली. पाथर्डी फाट्याला टू बीएचके आहे, हप्ता अजून अकरा वर्षं. घरात आई, बायको, पाच वर्षांची मुलगी. दोन ठिकाणी निवड झालीय. म्युनिकला वर्षाला 60,000 युरो आणि दुबईला महिन्याला 16,000 दिरहम, घर आपलं आपण बघायचं. तीन आठवड्यांत दोघांनाही उत्तर द्यायचंय.

शहरांच्या खर्चाची तुलना करणारी साइट उघडली. एका बाजूला नाशिक टाकलं, दुसऱ्या बाजूला म्युनिक. पगार साडेचार पटीच्या आसपास वाढतोय आणि साइटच्या म्हणण्याप्रमाणे खर्च त्याहून कमी पटीनं वाढतो, म्हणजे फायदाच. दुबईचंही तसंच. पण मन मानेना. म्हणून काल रात्री मुलगी झोपल्यावर आईची हिशेबाची वही घेऊन ओट्याशी बसलो. बाबा गेल्यापासून आई रोज लिहिते. पानांच्या कडा हळदीनं पिवळ्या झाल्यात, दुधाच्या रतिबाचा खाडा ती अजून फुलीनं मांडते. त्यातून सहा महिन्यांची सरासरी काढली.

हप्ता 24,000. सोसायटीचा मेंटेनन्स 1,800. महावितरणचं बिल 1,900, पाइपचा गॅस 700. किराणा, दूध, भाजी मिळून 16,000. धुणंभांड्याच्या मावशी 2,800. पेट्रोल 5,000. शाळा आणि व्हॅन 7,000. आईची औषधं, तपासण्या 4,500. मोबाइल-नेट 1,500. सणवार, कपडे, बाहेरचं खाणं 6,000. बेरीज 71,200. हातात 95,000 येतात, म्हणजे 23,800 उरतात.

सोयीसाठी युरो 100 रुपये आणि दिरहम 24 रुपये धरतोय. तिकडे राहणाऱ्यांनी किंवा राहून आलेल्यांनी तिथला खरा महिना कसा जातो ते सांगाल का? आणि माझ्या हिशेबात काय सुटलंय?

सिन्नर_फाटा

अभिनंदन! दोन दोन संधी म्हणजे मोठी गोष्ट आहे. माझं मत विचाराल तर थेट रुपयांत गुणू नका. पीपीपी, म्हणजे दोन देशांतल्या पैशाची खरेदीशक्ती तोलणारा दर असतो, त्यानं भागा. आमच्या ऑफिसात सगळे तसंच करतात. तिथल्या 60,000 युरोंची इथे किंमत किती ते लगेच कळतं.

मेरीकर_सीए

सिन्नर_फाटा, पीपीपीचा दर देशादेशांची तुलना करायला ठीक आहे, पण इथे तो दोन ठिकाणी अडतो. एक तर तो सबंध देशाची सरासरी असतो. म्युनिक आणि पूर्व जर्मनीतलं एखादं छोटं गाव त्यात एकाच मापानं मोजलं जातं, जसं आपल्याकडे मुंबई आणि सुरगाणा. दुसरं म्हणजे तो कमावलेला पैसा तिथेच खर्च होणार असं धरून चालतो. धागाकर्त्यांचा हप्ता नाशिकच्या बँकेत जाणार, आईंची औषधं नाशिकच्या दुकानातून येणार. तो पैसा बाजारभावानंच बदलावा लागतो, पीपीपीनं नाही.

साइटबद्दल थोडं. नंबेओसारख्या साइटवर न्यूयॉर्क म्हणजे 100 धरून बाकी शहरांचा आकडा काढतात, आणि भाव लोकांनीच भरलेले असतात. त्यांची वाणसामानाची यादी उघडून बघा. ब्रेड, चीज, बीफ, लेट्यूस, वाइनची बाटली, सिगारेटचं पाकीट. तांदूळ, कांदा, टोमॅटो आहेत, पण ज्वारी, बाजरी, तूरडाळ, शेंगदाणे नाहीत. धुणंभांड्याच्या मावशी नाहीत. त्यामुळे तो आकडा एखाद्या सरासरी गिऱ्हाइकाचा, तुमच्या घराचा नव्हे.

धागाकर्त्यांना एकच काम सांगतो. वहीतल्या प्रत्येक ओळीपुढे तीनांपैकी एक खूण करा. हा खर्च माझ्याबरोबर येणार, हा इथेच बंद होणार, की मी गेल्यावरही इथे चालूच राहणार? तिसरी खूण कितींवर पडते ते आधी बघा.

उंटवाडी_ताई

वाचतेय. आमच्याही घरी हाच विषय आहे, कॅनडाचा. आकडे देत राहा, फार उपयोग होतोय.

जिग_फिक्स्चर

सीए साहेब, आत्ताच खुणा केल्या आणि दोघंही गप्प झालो.

आई इथेच राहायचं म्हणते. बहीण जेलरोडला असते, ती येत-जात राहील. म्हणजे हप्ता 24,000 आणि मेंटेनन्स 1,800 तसेच. आईची औषधं 4,500. एकटीचा किराणा-दूध 6,000. वीज 1,000, गॅस 400. मावशी 2,800, त्यांना तर बंद करताच येणार नाही, उलट त्या रोज घरी आल्या की आम्हाला आईची खुशाली कळेल. नेट-मोबाइल 700, कारण व्हिडिओ कॉल लागणारच.

बेरीज 41,200. आम्ही तिघं घरातून गेलो तरी खर्च 71,200 वरून एवढाच खाली येतो. साइटवर नाशिकची रक्कम पुसून म्युनिकची घातली होती. खरं तर म्युनिकची रक्कम नाशिकच्या वर चढणार आहे.

इझारकाठ

मी मूळची पंचवटीची, म्युनिकला सहा वर्षं झाली. नवरा, मी आणि सात वर्षांचा मुलगा. दादा, तुमच्यासारखंच आम्हीही 60,000 ला 100 नं गुणून नाशिकच्या सगळ्या नातेवाइकांना सांगितलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हातात काय येतं ते. 60,000 म्हणजे महिन्याला 5,000. त्यातून पेन्शनचे 9.3 टक्के, बेकारी विम्याचे 1.3, आरोग्य विम्याचा तुमचा निम्मा वाटा, शिवाय वृद्धापकाळातल्या शुश्रूषेचा विमा. हे सगळं मिळून हजाराच्या थोडं वर जातं. मग आयकर. लग्न झालेलं, जोडीदार इथेच आणि कमावता एकच असेल तर टॅक्स क्लास 3 मिळतो. त्यात तुमच्या हातात अंदाजे 3,525 पडतील. मुलांसाठी सरकार किंडरगेल्ड देतं, 2025 मध्ये महिन्याला 255 युरो होतं, जानेवारी 2026 पासून 259. एकूण 3,784 धरा. तुमची पत्नी आणि मुलगी सरकारी आरोग्य विम्यात तुमच्याच हप्त्यात येतात, वेगळे पैसे नाहीत. हे मोठं आहे, दुबईशी तुलना करताना विसरू नका.

आता आमचा महिना. घरभाडं 1,750. शहराच्या बाहेर, एस-बान म्हणजे इथल्या लोकलच्या शेवटच्या काही स्टेशनांजवळ, 66 चौरस मीटर. जाहिरातीत दोन भाडी असतात. काल्टमीटे म्हणजे नुसत्या भिंतींचं भाडं आणि वार्ममीटे म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची सफाई धरून. तुलना नेहमी वार्मची करा. तेवढ्यानंही संपत नाही. वर्षाअखेर खरा वापर मोजून हिशेब येतो, पहिल्या हिवाळ्यानंतर आम्हाला 480 युरो वर भरावे लागले होते. आणि इथे 3 खोल्यांचं घर म्हणजे दोन बेडरूम आणि एक हॉल, आपला टू बीएचके. जाहिरात वाचताना आमची सुरुवातीला फसगत व्हायची.

वीज 75, नेट 40. रेडिओ-टीव्हीचं सरकारी शुल्क घरामागे 18.36, टीव्ही नसला तरी भरायचं. डॉइचलँड तिकीट 2026 पासून 63 झालंय, दोघांचे 126. त्यात देशभरातल्या लोकल गाड्या, बस, ट्राम येतात. आम्ही गाडी घेतलेली नाही आणि अडतही नाही. वाणसामान 600, भारतीय दुकानातलं वेगळं 80. दायित्व विमा 8. मुलाची शाळा सरकारी, फी नाही, पण शाळेनंतर सांभाळणं आणि दुपारचं जेवण 150. मोबाइल 30. कपडे, बूट सरासरी 120, मुलाचे बूट दर हिवाळ्याला लहान होतात. बाहेर फिरणं, खाणं 150. सगळं मिळून 3,147.

3,784 वजा 3,147 म्हणजे 637. त्यातून तुमच्या नाशिकचे 41,200, म्हणजे 412 युरो. उरले 225.

मेरीकर_सीए

22,500 रुपये. आणि आज नाशिकला 23,800 उरतात.

जिग_फिक्स्चर

ताई, एवढ्या खोलात जाऊन लिहिलंत, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद बायकोला मोठ्यानं वाचून दाखवला. 225 चा आकडा आला तेव्हा ती म्हणाली, पुन्हा वाच.

उंटवाडी_ताई

एक विचारते. वहिनी काय करतात? त्यांचं उत्पन्न त्या 95,000 मध्ये आहे का?

जिग_फिक्स्चर

नाही धरलं, आणि धरायला हवं होतं. ती घरी आठवी ते दहावीची गणिताची शिकवणी घेते. महिन्याला सरासरी 14,000. ते पैसे तिच्या खात्यात वेगळे राहतात, त्यातून मुलीच्या नावानं ठेव होते, म्हणून घरखर्चाच्या वहीत कधी आलेच नाहीत.

उंटवाडी_ताई

मला वाटलंच होतं. मग आज तुमच्या घरात 37,800 उरतात. ही चूक फक्त तुमची नाही, आमच्याही वहीत माझे शिवणकामाचे पैसे नव्हते. बाईची कमाई वेगळ्या डब्यात पडते आणि परदेशाच्या हिशेबातून गळते. मग तिथे गेल्यावर सहा महिन्यांनी सगळ्यांना वाटतं, पगार तर मोठा आहे, मग हात आखडता का?

अजून एक. तुमच्या आई नातीला सांभाळतात ना? शाळेची व्हॅन दुपारी येत असेल, त्या वेळी वहिनींचे क्लास. इझारकाठ ताईंनी लिहिलेले 150 युरो म्हणजे आजीच्या दुपारचे पैसे आहेत. नाशिकला ती ओळ नाही, कारण ते काम घरातलं माणूस करतं.

देइरा_ते_देवळाली

दुबईबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. अकरा वर्षं इथे आहे, घर देवळाली कॅम्पला.

16,000 दिरहमवर आयकर नाही, 16,000 च हातात येतात. आमच्या अल नाहदात वन बीएचके वर्षाला 72,000 ला आहे, महिन्याचे 6,000 धरा. भाडं वर्षाचं ठरतं आणि चेकनं द्यायचं असतं. जितके कमी चेक तितका भाव कमी, म्हणजे सुरुवातीलाच मोठी रक्कम हातात लागते. वर अनामत, दलाली, इजारी म्हणजे भाडेकराराची सरकारी नोंदणी, वीज-पाण्याचे 2,000 अनामत. वर्षभाड्याच्या 5 टक्के गृहशुल्क वीजबिलातून महिन्यामहिन्याला कापतात, तुमचे 300 होतील. वीज, पाणी, एसीचं गार पाणी 500, उन्हाळ्यात जास्त. भारतीय अभ्यासक्रमाची शाळा आणि बस मिळून 1,300, हे स्वस्तातल्या शाळेचं सांगतोय. किराणा 2,000, मेट्रो-टॅक्सी 700, फोन-नेट 500. तुमचा आरोग्य विमा कंपनीनं द्यायचा असतो, बायको-मुलीचा तुम्ही, 200 धरा. किरकोळ 800. एकूण 12,300. उरले 3,700, म्हणजे 88,800 रुपये. नाशिकचे 41,200 वजा केले की 47,600.

आकड्यात आम्ही पुढे आहोत. पण तीन गोष्टी कंपनीला आजच विचारा. त्या 16,000 मध्ये मूळ पगार किती आणि भत्ते किती? कारण नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ पगारावर, पहिली पाच वर्षं दर वर्षाला 21 दिवसांची. कमी मूळ पगार दाखवला तर ती निम्म्यावर येते. दुसरं, वर्षाचं तिकीट कुटुंबाला आहे की एकट्याला? तिसरं, मुलीच्या शाळेला काही मदत आहे का? शाळेचा आकडा दर वर्षी वर जातो आणि दहावीपर्यंत पोचेस्तोवर घरभाड्याशी बरोबरी करतो, हे मी दोन मुलांच्या बाबतीत बघितलंय. आणि नोकरी संपली की मुक्कामही संपतो. हे मनात ठेवूनच इथे राहावं लागतं.

बरं एक आहे, मुंबईचं विमान तीन तासांचं. वडिलांना छातीत दुखायला लागलं तेव्हा सकाळी फोन आला आणि संध्याकाळी मी नाशिकला मुंबई नाक्याच्या दवाखान्यात होतो.

गोदाकाठ_रोज

दिरहम डॉलरला बांधलेला आहे, 1997 पासून 3.6725 ला. म्हणजे रुपया घसरला की पाठवणाऱ्याला फायदा, हे गणित बरेच जण करतात. युरो मात्र वरखाली होतो. हप्ता रुपयांत आणि पगार युरोत असेल तर दोन-तीन महिन्यांचा हप्ता नाशिकच्या खात्यात आधीच ठेवा.

सिन्नर_फाटा

माझं पीपीपीचं मत मागे घेतो, सीए साहेबांनी नीट समजावलं. पण मग दादा, पहिली दोन वर्षं एकटेच म्युनिकला का जात नाही? एका खोलीत राहायचं. आमच्या चुलतभावानं तसंच केलं आणि कर्ज लवकर फेडलं.

इझारकाठ

एकट्याचं गणित मांडून दाखवते, म्हणजे नीट विचार करता येईल. पत्नी जर्मनीत राहत नसेल तर टॅक्स क्लास 3 मिळत नाही, क्लास 1 लागतो. मग 3,525 च्या जागी अंदाजे 3,140 येतील. मुलगी इथे नसल्यामुळे किंडरगेल्डही नाही. खोली, जेवण, तिकीट, विमा, फोन, सगळं धरून काटकसरीनं 1,300 लागतील. उरतात 1,840.

मेरीकर_सीए

आणि नाशिकचा खर्च जवळजवळ पूर्ण चालू, 66,000 धरू. तरी 1,18,000 उरतात, वर शिकवणीचे 14,000 चालू राहतात. आकडा सगळ्यात मोठा हाच आहे.

जेलरोड_परत

हा आकडा मी ओळखतो. त्याच्यासाठीच गेलो होतो. बर्मिंगहॅमला तीन वर्षं एकटा, बायको-मुलगा नाशिकरोडला. एका घरात चौघं, प्रत्येकाला एक खोली. काउन्सिल टॅक्स, म्हणजे तिथली घरपट्टी, चौघांत वाटून. महिन्याला पैसे खूप उरायचे, खोटं सांगत नाही. घराचं कर्ज आठ वर्षं आधी संपलं.

दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत वडील बाथरूममध्ये पडले. आईचा फोन आला तेव्हा तिकडे रात्रीचे दोन. त्याच दिवशीचं तिकीट काढलं, नेहमीच्या अडीचपट पडलं. मुंबईला उतरून नाशिकला पोचेपर्यंत ऑपरेशन झालं होतं. दहा दिवस राहून परत गेलो. एप्रिलमध्ये पुन्हा आलो, तेव्हा ते नव्हते.

मी कोणाला जाऊ नका म्हणत नाही. पण तुमच्या वहीत दोन ओळी कमी आहेत, त्या आजच घाला. एक, अचानक यावं लागलं तर एकाचं जाण्यायेण्याचं तिकीट, वर्षातून एकदा, बाजूला काढून ठेवलेलं, ज्याला कशासाठीही हात लावायचा नाही. दुसरी, दर वर्षी सगळ्यांनी एकदा नाशिकला यायचं भाडं. म्युनिकहून तिघांचं तिकीट आणि इथला राहण्या-देण्याघेण्याचा खर्च धरला तर महिन्याला 225 मधलं काहीच उरत नाही.

आणि एकटं जायचंच असेल तर तारीख ठरवून जा. माझं एक वर्षाचं ठरलं होतं, तीन झाली. मुलगा पाच वर्षांचा होता. परत आलो तेव्हा आठ वर्षांचा, आणि पहिला महिनाभर मला अहो म्हणायचा.

जिग_फिक्स्चर

जेलरोड_परत, तुमचा प्रतिसाद वाचून खूप वेळ काही लिहिता आलं नाही. एकटं जायचा विषय घरात बंद केला.

गंगापूररोडकर

मी मेलबर्नला होतो, त्या अनुभवावरून थोडंसं. तिकडे भाडं आठवड्याचं सांगतात, त्याला 4 नं गुणून महिना काढू नका, 52 नं गुणून 12 नं भागा. आणि इंग्लंडला जाणारे कोणी वाचत असतील तर आरोग्य अधिभार आठवणीत ठेवा. फेब्रुवारी 2024 पासून मोठ्या माणसाला वर्षाला 1,035 पौंड, मुलांना 776, आणि व्हिसा जितक्या वर्षांचा तितक्या वर्षांचे एकदम आधीच भरायचे. तिघांचा तीन वर्षांचा हिशेब केला की पोटात गोळा येतो.

मेरीकर_सीए

म्युनिकच्या बाजूनंही बोललं पाहिजे, नाहीतर हिशेब एकांगी होईल. पगारातून पेन्शनचे 465 युरो कापले जातात आणि तेवढेच कंपनी भरते. ते खर्चात गेलेले पैसे नाहीत. 60 महिने भरले की पेन्शनचा हक्क लागतो, आणि भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार 2017 पासून लागू आहे, त्यामुळे भारतात परतलात तरी ती पेन्शन इथे मिळू शकते. दुबईच्या 47,600 मधून म्हातारपणाची तरतूद तुम्हालाच करावी लागेल. तेवढी रक्कम त्यातून बाजूला काढा आणि मग दोन्ही आकडे शेजारी ठेवा. अंतर बरंच कमी होतं.

निघायच्या तारखेबद्दलही सांगतो. नोकरीसाठी बाहेर जाणाऱ्यानं त्या आर्थिक वर्षात भारतात 182 दिवसांपेक्षा कमी काढले तर तो त्या वर्षी अनिवासी ठरतो. सप्टेंबर उलटल्यावर निघालात तर त्या वर्षी तुम्ही इथले रहिवासीच राहता आणि तिकडच्या पगाराचाही इथे विचार करावा लागतो, दुहेरी कराच्या करारानुसार. गेल्यावर बँकेत कळवून साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं इथल्या पैशांसाठीचं खातं, करून घ्या. हप्त्यासाठी पैसे पाठवायला एनआरई, म्हणजे बाहेरच्या कमाईसाठीचं खातं, उघडा.

सुरुवातीला इथून पैसे न्यावे लागले तर एका आर्थिक वर्षात 10 लाखांपर्यंत टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक कापून घेते तो कर, लागत नाही, एप्रिल 2025 पासून ही मर्यादा 7 वरून 10 झाली.

उंटवाडी_ताई

सुरुवातीला किती लागतात हे कोणी सांगेल का? सगळे महिन्याचंच बोलताहेत.

इझारकाठ

बरोबर, ते राहिलं. अनामत जास्तीत जास्त तीन काल्टमीटे. आमचं काल्ट 1,450, म्हणजे 4,350. कायद्यानं ती तीन हप्त्यांत देता येते, पण घरमालकाला हे आधी सांगायला लोक घाबरतात, कारण एका घरामागे रांग असते. नव्या माणसाला थेट घर मिळत नाही, पगाराच्या स्लिपा आणि शूफाचा, म्हणजे उधारी वेळेवर फेडल्याचा, कागद मागतात आणि नव्याकडे दोन्ही नसतं. म्हणून पहिले दोन-तीन महिने सामानासकट भाड्याची जागा घ्यावी लागते, ती महाग.

आणि स्वयंपाकघर. आम्हाला किल्ली मिळाली त्या संध्याकाळी मी आधी स्वयंपाकघरात गेले. भिंतीतून पाण्याचे दोन नळ बाहेर आलेले, तोंडाला प्लास्टिकची टोपणं. छतातून वायर लोंबत होती, तिला दिवा नव्हता. ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही. इथे पुष्कळ घरं अशीच मिळतात, आधीचा भाडेकरू आपलं स्वयंपाकघर उचकटून घेऊन जातो. मुलगा तेव्हा एक वर्षाचा. नऊ दिवस मी बाथरूमच्या बेसिनमध्ये भांडी घासली आणि विजेच्या किटलीच्या पाण्यात रवा भिजवून त्याला भरवला. जुनं स्वयंपाकघर घेऊन बसवून घ्यायला 2,400 युरो लागले. जाहिरातीत आइनबाउक्युशे हा शब्द शोधा. तो असेल तर स्वयंपाकघर आहे.

सगळं धरून आमचे पहिल्या तीन महिन्यांत साडेनऊ हजार युरो गेले. अनामत परत मिळेल, बाकीचे गेले.

वहिनींसाठी एक लिहायचं राहिलं. ब्लू कार्ड, म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदाराचा परवाना, असलेल्याच्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासून नोकरी करता येते, वेगळी परवानगी लागत नाही. अडतं ते भाषेवर. मी इथे येऊन शिकले आणि अर्धवेळ काम मिळायला अडीच वर्षं गेली. नाशिकहून जर्मनची बी1 पातळी करून आले असते तर त्यातलं एक वर्ष तरी वाचलं असतं, असं आजही वाटतं. गणित शिकवता येणाऱ्या माणसाची इथे गरज आहे. मुलांना शाळेनंतर शिकवणी लागते आणि तासाचे पैसे चांगले मिळतात.

सिन्नर_फाटा

वाचनखूण साठवली.

जिग_फिक्स्चर

मंडळी, आठवडाभरानं येतोय.

दोन्ही कंपन्यांना प्रश्न पाठवले. दुबईच्या 16,000 मध्ये मूळ पगार फक्त 6,500 निघाला, आणि तिकीट माझ्या एकट्याला. आकडा बदलणार नाही असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. मुलगी दहावीला जाईपर्यंतचा हिशेब मांडला आणि दुबईला नकार कळवला. देइरा_ते_देवळाली, तुम्ही विचारायला सांगितलं नसतं तर मला हे सही केल्यावर कळलं असतं.

म्युनिकला ताईंच्या प्रतिसादातलं गणितच ओळीओळीनं लिहून पाठवलं. वार्म भाडं, अनामत, स्वयंपाकघर, तिकिटं. लपवून काय करायचं? त्यांच्याकडून परवा फोन आला. पगार 64,500 करतायत आणि पहिले तीन महिने सामानासकट फ्लॅट कंपनीचा. तो फ्लॅट दोघांचाच आहे, पण मुलीसाठी पलंग टाकता येतो.

तरीही नाशिकइतके उरणार नाहीत, निदान बायकोला काम लागेपर्यंत. हे आम्ही दोघांनी कागदावर लिहून घेतलं आणि त्याखाली दोघांनी तारीख घातली, म्हणजे नंतर कोणी कोणाला बोलायला नको. ती सोमवारपासून कॉलेज रोडला जर्मनच्या ए1 वर्गाला जातेय, शिकवणीचे दोन गट सकाळी घेतले. जेलरोड_परत, तुमच्या दोन्ही ओळी वहीत आल्यात. अचानकच्या तिकिटाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवले, त्याचं कार्ड बहिणीकडे असेल. आईच्या खोलीत आणि बाथरूममध्ये धरायला दांडे या रविवारी बसवतोय.

आईनं परवा नवी वही आणली. पहिल्या पानावर मधोमध रेघ मारलीय, डाव्या बाजूला नाशिक आणि उजव्या बाजूला म्युनिक. डावी बाजू तिनं भरून टाकली, कांदे, बटाटे, तूरडाळ, शेंगदाणे, दूध, आजचे भाव. उजवी बाजू कोरी आहे आणि ती मला रोज विचारते. इझारकाठ ताई, तेवढे पाच भाव देता का?

इझारकाठ

दादा, उद्या शनिवार, भारतीय आणि तुर्की दोन्ही दुकानांत जाणारच आहे. पावतीचा फोटो टाकते. शेंगदाणे तुर्की दुकानातले घ्यायचे, तेही आईंना वहीत लिहून ठेवायला सांगा.